दिनविशेष : २६ जून १८७४ – चीन-पेरू करार

चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग व पेरूचे प्रतिनिधी ऑरेलिओ गार्सिया इ गार्सिया यांनी त्यान्‌जिन येथे या दिवशी मैत्री व व्यापाराच्या करारावर सह्या केल्या आणि यापुढे केवळ स्वेच्छेने होणारे स्थलांतरच मान्य केले. १८४९पासून सुमारे एक लाख चिनी, जवळजवळ सगळे पुरुष, आठ वर्षांच्या करारपत्राने बांधून पेरूत नेले गेले होते. चिंचा बेटांवर ग्वानो (समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत) खणणे आणि किनारपट्टीवरील ऊस-कापसाच्या मळ्यांत राबणे ही त्यांची कामे.

या मजुरांनी फुटून स्वतःचे प्रजासत्ताक स्थापले असते, ही पर्यायी इतिहासातील (न घडलेले घडले असते तर, असा विचार करणाऱ्या लेखनातील) कल्पना अगदीच निराधार नाही, कारण चिली-पेरू युद्धात १८८०च्या अखेरीस चिलीचे सेनानी पात्रिसिओ लिंच पिस्कोहून पेरूची राजधानी लिमाकडे निघाले तेव्हा मळ्यांतून सुटलेले हजाराहून अधिक चिनी त्यांच्या फौजेला मिळाले. मात्र हे बळ परक्या सैन्याच्या हाताखालचे होते. मजूर मळ्यामळ्यांत विखुरलेले, बहुतेक कुटुंबाविना आणि भूमिहीन होते, त्यामुळे राज्यस्थापनेची शक्यता मुळातच क्षीण ठरते. करारमुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी किरकोळ दुकाने व खाणावळी थाटल्या आणि स्थानिक स्त्रियांशी विवाह केले.