पहाटेच्या फेऱ्या

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. पुढच्याच वर्षी मी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि पहाटे साडेपाचला आवारात फेऱ्या मारू लागलो. तेव्हा गाड्या मोजून चार, बाकी वाट मोकळी. आम्ही तिघे-चौघे चालता चालता सगळं बोलायचो : टँकर, गळती, थकबाकी. २००८ साली मोफा कायद्यात डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली. कागदपत्रं कोणी जमवायची, हे मीटिंगमध्ये नव्हे, पंपाजवळच्या वळणावर ठरलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, फेऱ्या थांबल्या. पुढे सुरू झाल्या, पण सी विंगमधले माझे जोडीदार त्यात नव्हते. थकबाकीदारांची यादी त्यांना तोंडपाठ. चारचौघांत नाव मात्र त्यांनी कधी कुणाचं घेतलं नाही.

आज वाटेवर दुतर्फा गाड्या. एकामागे एक चालावं लागतं, मग बोलणं कसलं? समितीला विनंती एकच : एका बाजूचं पार्किंग हलवा. दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट राहू द्या. माझी गाडी मी पहिली काढतो.