पळसाला पाने तीनच, आणि पांगाऱ्याला?



फाल्गुन-चैत्रात नगरहून भंडारदऱ्याकडे निघालं की अकोले तालुक्यातलं रान लाल-केशरी दिसू लागतं. आपण सगळ्यालाच पळस म्हणून मोकळ्या होतो. मीही कित्येक वर्षं तेच म्हणायचे.

पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं. देठाकडची वाटी काळपट, मखमली. खोडाला काटे नाहीत. पांगारा लालभडक आणि काटेरी. काटेसावरही काटेरी, पण तिचं फूल मोठं, पाच जाड पाकळ्यांचं. पळसाला पाने तीनच हे खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच! म्हणून नुसत्या पानावर जाऊ नका.

शास्त्रात पळसाला ब्युटिया म्हणतात, ते वनस्पतींचा शौकीन असलेल्या अर्ल ऑफ ब्यूट या ब्रिटिश उमरावावरून. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात लॅटिन नावांबरोबर देशी नावंही आहेत. ती काही विलायतेत घडली नव्हती. सरपण आणणाऱ्या, पत्रावळी लावणाऱ्या बायकांच्या तोंडी ती आधीपासूनच होती.

आता पंगतीत कागदी ताटं आली आणि पान ओळखणारे हात कमी झाले. नाव विसरलं की झाडही परकं होतं.

अभ्यासकांना नमुन्यासाठी फांदी तोडावी लागते. आपल्याला नाही. वनस्पतीत जीव आहे, हे आपण लहानपणीच शिकलो. झाडाखाली पडलेलं फूल उचला, नातीच्या हातावर ठेवा आणि तिला नाव सांगा.