सुके दाणे आणि पत्र्याचा डबा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बोक्याची लघवी एकाएकी अडली. रात्रभर तो वाळूच्या परातीत जाऊन बसे आणि तसाच उठे. पशुवैद्यांनी नळी घालून त्याचा जीव वाचवला आणि मग विचारले, "सुके दाणे घालता की डब्यातले ओले अन्न?" मी दाणेच घालीत होतो. स्वस्त पडतात, वास येत नाही. पण त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी जुन्या इतिहासात शिरलो आणि पाहतो तो काय, ह्या निवडीत मांजराला कोणी विचारलेच नव्हते!

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये मांजराचे जेवण दारावर येई. म्हाताऱ्या घोड्यांचे उकडलेले मांस काड्यांना टोचून फेरीवाले गल्लोगल्ली विकीत. हेन्री मेह्यूने १८५१ साली लंडनच्या कष्टकऱ्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ह्या फेरीवाल्यांचीही हकिकत आहे. कारखान्याच्या अन्नाचा मान मात्र कुत्र्याचा. अमेरिकेतून लंडनला आलेल्या जेम्स स्प्रॅटने १८६० च्या सुमारास कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. १९२२ साली अमेरिकेत घोड्याचे मांस डब्यात भरून विकू लागले, तेही कुत्र्यांसाठीच. मांजर ह्या पंगतीला मागाहून बसले.

पुढे दुसरे महायुद्ध आले. पत्रा आणि कथील युद्धाच्या कामी लागले, तेथे कुत्र्यामांजरांच्या डब्यांची काय कथा! सुके अन्न पुढे सरले ते ह्या टंचाईपायी. मांजराच्या मूत्रपिंडाचा विचार करून नव्हे. १९५० नंतरच्या दशकात पीठ आणि मांस वाफेने शिजवून, दाबाखाली यंत्राच्या छिद्रांतून काढून फुगवलेले दाणे निघाले. चुरमुऱ्यांचे चुलतभाऊच म्हणा ना.

आता पाण्याचा हिशेब पाहावा. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी, डब्यातील अन्नात ७५ ते ८०, दाण्यात अवघे ८ ते १०. मांजराचा पूर्वज कोरड्या मुलखातला. शिकारीतूनच बहुतेक पाणी मिळवणारा. त्यामुळे दाणे खाणारे मांजर वर पाणी पिते खरे, पण तूट पुरती भरून काढीत नाही. लघवी दाट होते, आणि बोक्याचा मूत्रमार्ग तर अगदीच अरुंद. १९८० नंतर अन्नातील मॅग्नेशियम घटवून लघवी आम्ल करण्याचा उपाय झाला. एका जातीचे खडे कमी झाले, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले.

इतके वाचल्यावर मी डब्याचा कैवार घेऊन बसलो होतो. तोच १९८७ चे प्रकरण हाती आले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे पॉल पियॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हृदय फुगून मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरिन हे द्रव्य फार कमी होते आणि ते पोटात दिले की हृदय सुधारत होते. ही मांजरे उपाशी नव्हती. बाजारातले तयार अन्नच खात होती! टॉरिन नसेल तर मांजराची दृष्टी जाते हे १९७५ सालीच कळले होते; पण अन्नात किती घालावे, तो अंदाज चुकला होता. पुढे असे आढळले की डब्यातील अन्नाला सुक्यापेक्षा अधिक टॉरिन लागते. उष्णतेने त्यात असा पालट होतो की आतड्यातील जंतू टॉरिन फस्त करतात. आज अमेरिकेतील किमान प्रमाण, पाण्याचा अंश वगळून, सुक्यासाठी ०.१ टक्का आणि डब्यासाठी ०.२ टक्के आहे.

आमच्याकडे आता दोन्ही वेळा डबा, त्यातही चमचाभर पाणी. शेजारच्या घरी दाण्यांची बरणी खुळखुळली की बोका अजून कान टवकारतो.