पचमढीचे वालुकाश्म आणि वैदर्भीय यात्रेकरू : ‘शोध’ या संकल्पनेचा पुनर्विचार

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर परिसरातील इतिहासाच्या अभ्यासकास गुहा म्हटले की अजिंठा व वेरूळ आठवतात. या लेणी मानवाने बेसॉल्ट खडकात छिन्नीने कोरल्या. सातपुड्यातील पचमढी येथील गुहा, घळी व कडे मात्र कोणा कारागिराने घडविलेले नाहीत. वालुकाश्मावर पाणी, ऊन व वारा यांनी केलेले ते काम आहे. पाषाण भिन्न असला तरी या दोन्ही स्थळांच्या इतिहासकथनात एक साम्य आढळते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ याने अजिंठ्याचा ‘शोध’ लावला आणि पुढे कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने पचमढीचा ‘शोध’ लावला, असे सर्रास सांगितले जाते. प्रस्तुत निबंधात पचमढीच्या संदर्भात या ‘शोधा’ची चिकित्सा केली असून, विदर्भातून तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची परंपरा हेही त्या स्थळाच्या इतिहासाचे एक साधन आहे, असे प्रतिपादन केले आहे.

पाषाणाची घडण

पचमढीचा वालुकाश्म गोंडवन खडकसमूहातील आहे. ट्रायासिक कालखंडात, म्हणजे सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूच्या थरांपासून तो बनला. दख्खनचा बेसॉल्ट त्या मानाने अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा होय. वालुकाश्मातील कण लोहयुक्त व अन्य द्रव्यांनी सांधलेले असतात. खडकाच्या भेगांतून पावसाचे पाणी मुरते, सांधणारे द्रव्य सैल होते आणि कण सुटू लागतात. भेगा रुंदावत जाऊन हांडी खोहसारख्या खोल दऱ्या तयार होतात, तर कठीण थराखालील मऊ थर झिजून नैसर्गिक निवारे निर्माण होतात.

या निवाऱ्यांत माणूस फार पूर्वीपासून राहत आला आहे. त्यांच्या भिंतींवरील चित्रे याची साक्ष देतात. १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी येथील ‘डोरोथी डीप’ या निवाऱ्यात उत्खनन केले व सूक्ष्मपाषाणास्त्रे उजेडात आणली. त्यांचा वृत्तांत नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही बाब महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

‘शोधा’ची राजकीय पार्श्वभूमी

ऑक्टोबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्याच्या प्रदेशात उतरले. या डोंगरांतील कोरकू प्रमुख भभूतसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध लढा दिला. तो मोडून काढल्यानंतर १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती झाली. फोर्सिथ पचमढीस पोहोचला तो जानेवारी १८६२ मध्ये. नव्या प्रांतातील वनसंपत्तीची पाहणी हे त्याच्या भ्रमंतीमागील कारण होते. १८६५ मध्ये जवळच्या बोरी येथील जंगल राखीव झाले. बंडखोरांच्या आश्रयस्थानाचे रूपांतर अशा रीतीने आधी सरकारी वनात आणि पुढे प्रांताच्या उन्हाळी राजधानीत झाले.

मात्र फोर्सिथचा १८७१ मध्ये प्रकाशित झालेला ग्रंथच ‘शोधा’च्या कल्पनेस छेद देतो. महादेवाच्या गुहेस येणारे यात्रेकरू आणि त्या स्थानाचे परंपरागत रक्षक असलेले कोरकू भोपे यांचे वर्णन त्यात आले आहे. ज्या स्थळी जत्रा भरत होती व ज्याचे वंशपरंपरागत रक्षक होते, ते स्थळ अज्ञात होते असे म्हणता येत नाही. ते केवळ इंग्रजी दप्तरात नोंदले गेले नव्हते.

महादेव आणि नागद्वार

विदर्भात ‘महादेवाला जाणे’ म्हणजे पचमढीस जाणे. महाशिवरात्रीच्या सुमारास भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. दुसरी यात्रा नागद्वारची. नागपंचमीपूर्वीच्या सुमारे दहा दिवसांत, भर पावसाळ्यात, यात्रेकरू निसरड्या कड्यांवरून व ओढ्यांतून काजळी, पद्मशेष, चिंतामणी आदी ठिकाणी पायी जातात. वाटेत विदर्भातील सेवा मंडळे अन्नछत्रे चालवितात. पर्यटक ज्यास धूपप्रक्रियेने कोरलेली गुहा म्हणतो, तेच भाविकाच्या लेखी नागदेवतेचे दार असते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. कालपर्यंत स्वप्रांतात जाणारा यात्रेकरू परराज्यातील पाहुणा ठरला. परंतु त्याची वाट बदलली नाही. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर हीच वाट संरक्षित वनाच्या नियमांखाली आली. आज नागद्वारचा मार्ग केवळ यात्राकाळात खुला होतो. वाघांचा अधिवास व झिजणारा वालुकाश्म यांवर गर्दीचा आणि प्लास्टिकचा भार पडतो, हे नाकारता येणार नाही. निर्बंध आवश्यकच आहेत. तथापि ते ठरविताना यात्रेकरूस अतिक्रमक मानावयाचे की या भूमीचा जुना जाणकार, हा प्रश्न इतिहासाशी निगडित आहे.

निष्कर्ष

पचमढीचा इतिहास १८६२ पासून सुरू केल्यास अधिकारी व पर्यटक हे त्याचे नायक ठरतात. शैलचित्रांपासून सुरू केल्यास कोरकू, गोंड व वैदर्भीय यात्रेकरू यांना त्यात स्थान मिळते. २०२५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने पचमढी अभयारण्यास राजा भभूतसिंह यांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. नामांतराने स्मरण होते, पण इतिहासलेखन पूर्ण होत नाही. नागद्वारच्या वाटेवरील स्थळनामे, महादेवाची गाणी, सेवा मंडळांच्या वह्या आणि वृद्ध यात्रेकरूंच्या आठवणी यांचे संकलन विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेणे आवश्यक आहे. वालुकाश्म कणाकणाने झिजतो. मौखिक परंपरा मात्र एका पिढीबरोबर नाहीशी होऊ शकते.