बांध कोणाच्या शेतात, पैसा कोणाच्या हातात?

लातूर-नांदेडच्या उतारावरच्या शेतांत गवताने झाकलेले जुने मातीचे बांध आजही दिसतात. त्यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात किंवा त्यानंतर रोजगार हमीवर घातले गेले. (लातूर जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला.) जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारने खर्चलेला पैसा कोणाच्या हाती पडला, हा या बांधांमागचा खरा प्रश्न आहे.

सुरुवातीचे उत्तर आज विचित्र वाटेल. मुंबई इलाख्याच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यानुसार बांध सरकारने घालायचे आणि खर्च जमीनमालकाकडून वसूल करायचा. म्हणजे मालकाला मिळायचे नव्हते, द्यायचे होते. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला १९५६ साली.

१९७२ ने हे चित्र पालटले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे हात बंडिंगवर, पाझर तलावांवर वळवता येतील, हे सरकारला उमगले. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळाले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा उभा राहिला मुख्यत्वे शहरांतील व्यवसाय करातून. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कर कापला जाई, देगलूरच्या मजुराला मजुरी मिळे आणि बांध मात्र शेतमालकाकडे राहात असे.

यावर टीका तेव्हाही झाली. मजुरी आठवड्यात खाऊन संपते, सुधारलेली जमीन पिढ्यानुपिढ्या पिकते. तेव्हा खरा लाभार्थी जमीनदारच, असे अभ्यासकांचे म्हणणे होते. ते चूक नव्हते. तरीही हजेरीपटावर नाव मजुराचे होते, आणि त्यात स्त्रियांची नावे मोठ्या संख्येने होती, हे विसरता येत नाही.

ते नाव हळूहळू सरकले. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि अनुदान थेट सातबाऱ्याशी बांधले गेले. मग आले २०१६. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली. मोठ्यात मोठे तळे ३० बाय ३० बाय ३ मीटरचे, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची. खड्डा पोकलेन खणू लागले. मस्टरची गरजच उरली नाही.

शेततळ्याचा हेतू वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याचा. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत अनेक ठिकाणी बोअरचे पाणी उपसून साठवले गेले. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हाने उडून जाते, ही टीका त्यातूनच आली. जलयुक्त शिवारवर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढण्यात फारसे यश आले नाही, असे ‘कॅग’ने २०२० मध्ये नोंदवले.

अमेरिकेतही असेच घडले होते. १९३३ च्या कायद्याने कापसाखालचे क्षेत्र घटवण्यासाठी जमीनमालकांना पैसे दिले, आणि दक्षिणेत हजारो बटाईदार बेघर झाले. पडीक जमिनीवर बटाईदार कशाला ठेवायचा? मराठवाड्यात कोणी हुसकावले गेले नाही. काम तेवढे गेले.

जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात नांदेड आणि लातूर दोन्ही होते. शेततळे, ठिबक, फळबाग यांचे अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट जमा होई. भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटक होते. मुखेड, कंधारकडची भूमिहीन कुटुंबे मात्र दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातच राहिली.