चार शुभवर्तमाने, एक पुराण

येशू ख्रिस्ताचे चरित्र बायबलच्या नव्या करारात चार वेळा येते. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवरची ही चार शुभवर्तमाने एकाच पुरुषाची हकीकत सांगतात. पण ती कोठून सुरू करायची याबाबत चौघांचे एकमत नाही. आरंभ कोठे करायचा हे ठरले की येशू कोण, याचे उत्तरही बरेचसे ठरून जाते. मराठीत हा प्रश्न फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकापुढे उभा राहिला. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ आपण मराठीच्या स्तुतीसाठी आठवतो. त्याच्या रचनेकडे मात्र क्वचित पाहिले जाते.

आधी चार आरंभ पाहू. मार्कचा ग्रंथ सर्वांत जुना, इ.स. ७०च्या आसपासचा मानला जातो. त्यात जन्मकथा नाही. यार्देन नदीवर योहान बाप्तिस्मा देत असतो, तेथे येशू प्रौढ वयात येतो आणि गोष्ट धावू लागते. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती रिकाम्या कबरीपासून पळणाऱ्या, भ्यालेल्या स्त्रियांवर थांबते. मत्तय अब्राहामापासून वंशावळ मांडतो, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करतो आणि शिकवण पाच मोठ्या प्रवचनांत बांधतो. मोशेच्या पाच ग्रंथांचे स्मरण व्हावे असा हेतू त्यात अनेक अभ्यासक पाहतात. लूक वंशावळ आदामापर्यंत मागे नेतो, म्हणजे येशू एका कुळाचा न राहता मनुष्यजातीचा होतो. योहान सृष्टीच्याही मागे जातो. त्याचा आरंभ देवस्वरूप ‘शब्दा’पासून आहे, आणि तोच शब्द पुढे देह धारण करतो. त्याची बांधणीही निराळी. पहिल्या बारा अध्यायांतील चमत्कारांना तो ‘चिन्हे’ म्हणतो. तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि तेथून मरणाकडे व गौरवाकडे जाणारा भाग सुरू होतो. पाय धुण्याचा हा प्रसंग इतर तिघांत नाही.

चौघांचे एक करण्याचा प्रयत्न जुना आहे. दुसऱ्या शतकात तातियानने चारही शुभवर्तमाने गुंफून ‘दियातेस्सरोन’ सिद्ध केले आणि सिरियाक भाषेच्या चर्चमध्ये ते दीर्घकाळ वाचले गेले. स्टीफन्सनेही चौघांचा एक प्रवाह केला. पण त्यासाठी साचा निवडला तो मराठी पुराणाचा.

स्टीफन्स ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्यात उतरला आणि त्याचे पुढचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते. १५८४मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. जात्यावरून पोथीत आलेली, गोदेच्या खोऱ्यात ज्ञानदेव-एकनाथांनी घडवलेली ओवी या परदेशी माणसाने उचलली. आमच्या गंगाखेड-परभणी भागात आजही पोथी लागते, तेव्हा एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि ऐकणारे मध्येच शंका काढतात. ख्रिस्तपुराण अशाच श्रवणासाठी रचलेले आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पहिले पुराण’ ३६ अवस्वरांचे, म्हणजे अध्यायांचे, आणि ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे. मिळून ओव्या सुमारे अकरा हजार. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात येतो. त्याआधी सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद असा सारा जुना करार उलगडतो. पुराणाची पाच लक्षणे आपल्याकडे सांगतात: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरे आणि वंशानुचरित. मन्वंतरे सोडली तर बाकीची चारही येथे जागेवर सापडतात. मन्वंतरांचे नसणे मात्र अर्थपूर्ण आहे. मन्वंतर म्हणजे काळाचे पुन्हा फिरणे. ख्रिस्ती श्रद्धेत काळ एकदाच वाहतो आणि देवाचे मनुष्य होणेही एकदाच घडते. स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतो, पण युगायुगांच्या चक्राला त्याच्याकडे जागा नाही. शब्द वैष्णव, काळ ख्रिस्ती, असा हा ताण ग्रंथभर आहे.

दुसरी गोष्ट संवादाची. योहानात निकदेम किंवा शोमरोनी स्त्री प्रश्न विचारते, बोलण्याचा शब्दशः अर्थ घेते, आणि त्या गैरसमजातून येशूचे विवेचन निघते. पुराणातला श्रोता हेच काम करतो. म्हणून चौघांपैकी योहान या साच्यात सर्वांत सहज बसतो. मार्क सर्वांत कमी. त्याची घाई आणि त्याचा भयचकित शेवट पुराणाच्या विस्तारात मावत नाही. पुराणाला फलश्रुती हवी, अर्धवट थांबणे त्याला चालत नाही.

हा साचा नुसत्या आवडीने निवडलेला नव्हता. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तशी दुसरी का देत नाही? त्या प्रश्नामागे साष्टीचा इतिहास उभा आहे. १५६७च्या सुमारास तेथील देवळे पाडली गेली होती. १५८३मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली. नंतर पोर्तुगीजांनी गावाच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेला बोलावून मारले. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या, तिच्याच आश्रयाने स्टीफन्स लिहीत होता. तरीही श्रोत्याची तक्रार त्याने दडवली नाही. ती त्याने ग्रंथाच्या उंबरठ्यावर ठेवली आणि उत्तर म्हणून सारा ग्रंथ रचला. मराठीवरचे त्याचे प्रेम खरे मानावे, आणि ज्या रिकाम्या जागेत हे पुराण उभे राहिले तिचाही विसर पडू देऊ नये. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय ग्रंथ पुरता कळत नाही.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या छपाया रोमन लिपीत होत्या. त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. त्यांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरहून आवृत्ती काढली. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहातले देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांसमोर आले, आणि १९५६मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. छापील प्रती गेल्या तरी कोणी तरी ओव्या उतरवत राहिले. ज्या श्रोत्याने पुराण मागितले होते, त्याच्या वारसांनी ते मराठी पोथीसारखेच जपले.