दुर्बीण राहिली, वर्ग मोडला: पुण्यातल्या वेधशाळा आणि शाळकरी मुलं

शाळेचा गट वेधशाळेत जातो तेव्हा तिथे मुलं नेमकं काय शिकतात, हा आजचा प्रश्न आहे. तो आपण पुण्याच्या इतिहासातून पाहणार आहोत. पुणंच का? कारण या एका शहरात आणि त्याच्या आसपास गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत वेधशाळेचं दार उघडलं, बंद झालं आणि पुन्हा उघडलं, असं सगळं घडलेलं आहे. एक खुलासा मात्र आधीच करू. आपल्याकडे 'वेधशाळा' म्हटलं की लोकांना शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आणि पावसाचा अंदाज आठवतो. आज आपण बोलतोय ते तारे पाहणाऱ्या वेधशाळेबद्दल.

सुरुवात 1882 पासून करू. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी त्यांच्या कामासाठी देणगी दिली, मुंबई सरकारनेही त्यात पैसे घातले. पुढे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. तिथे 1888 साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली मोठी दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची, आरसा 20 इंचांचा. त्या काळात हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती. आणि ती होती कुठे? एका कॉलेजच्या आवारात, एका शिक्षकाच्या ताब्यात.

ही वेधशाळा शोभेची नव्हती, हेही सांगायला हवं. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा दिसते. नॉर्मन लॉकियर यांचा अंदाज होता की ती मॅग्नेशियममुळे येते, आणि तसं असेल तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून निरीक्षण केलं आणि 1891 मध्ये कळवलं की रेषा धारदार आहे. लॉकियर म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. पण पुण्यात बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्यांच्या मताविरुद्ध नोंद देता येत होती. पुढे 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती, आणि लॉकियर स्वतः विजयदुर्गला उतरले होते.

मग 1912 साल आलं. नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला पाठवली गेली. ती मोठी दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पुढे 1980 च्या दशकात आकाशाची पारख करायला थेट लेहपर्यंत जाऊन आली. म्हणजे यंत्राचं काही वाईट झालं नाही. वाईट झालं ते पुण्याचं. दुर्बिणीभोवती शिकणाऱ्यांची पुढची फळी तयार झाली नव्हती, त्यामुळे माणूस गेला आणि त्याच्याबरोबर वर्गही उठला. कोडाईकनालला यंत्रं एकत्र आणण्यात सरकारचा काही हिशेब असेलही. पण त्या हिशेबात पुण्यातल्या विद्यार्थ्याचा रकाना नव्हता.

यानंतरची तीसेक वर्षं आपल्याला फारसं सांगण्यासारखं काही सापडत नाही. 1944 मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था आजही चालू आहे. दहा वर्षांनी, 1954 मध्ये, टिळक रोडच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण सुरू झालं. तारांगण म्हणजे वेधशाळा नव्हे, हे मान्य. तिथे घुमटावर पाडलेले प्रकाशाचे ठिपके दिसतात. पण त्याची जागा पाहा. ते शाळेच्या आवारात आलं. मुलाला आकाशाकडे जायला कुणाची परवानगी काढावी लागेना. नायगमवालांच्या वेधशाळेकडे सामर्थ्य होतं पण वारस नव्हता. इथे यंत्र साधं, पण शाळा कायमची.

आता 1988 कडे येऊ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका सुरू झाली. संशोधनाची संस्था असूनही तिथे दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुलांना शास्त्रज्ञांबरोबर आठवडाभर काम करता येऊ लागलं. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नारळीकरांची एक साधी पद्धत. मुलं सही मागायला आली की ते सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. पाहुण्या मुलाला त्यांनी एका वाक्यात प्रेक्षकाच्या जागेवरून उठवून विद्यार्थ्याच्या जागेवर बसवलं.

दुसरं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या खोडदचं. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही एका जागी आणि बाकीच्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे दारं उघडी असतात. एसटीने, टेम्पोने, मिळेल त्या वाहनाने शाळा येतात, आणि नुसत्या बघायला येत नाहीत. आसपासच्या गावांतली मुलं स्वतः केलेले प्रयोग तिथे मांडतात.

आता गंमत अशी की या दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. काही 'दिसत' नाही, मोबाइलही बंद ठेवायला सांगतात. मग मूल निराश होतं का? नाही. उलट त्याला खरे प्रश्न पडतात. तबकडी म्हणजे तारांची जाळी. एवढी भोकं असताना लहरी आरपार जात नाहीत का? उत्तर सोपं आहे. भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि पकडायच्या लहरी 21 सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब. त्या लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच असते. वारा मात्र भोकांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. आणि मोबाइल बंद का? आकाशातून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण की खिशातला फोन त्याच्यापुढे आरडाओरडा करतो. एका जाळीतून आणि एका बंद फोनमधून नववीच्या मुलाला तरंगलांबी कळते. पुस्तकातल्या आकृतीतून ती इतकी कळत नाही, असं शिक्षकच सांगतील.

या सगळ्यातून आजच्या सहलींबद्दल काय निघतं? हिशेब करून पाहा. साठ मुलं, एक दुर्बीण, प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे तास गेला. त्यात पृथ्वी फिरत असल्यामुळे शनी दर थोड्या वेळाने नजरेच्या टप्प्यातून सरकतो. दुर्बिणीला यांत्रिक गती नसेल तर ती पुन्हा लावा. जून ते सप्टेंबर ढग. म्हणून 'किती शाळा आल्या' हा आकडा वार्षिक अहवालात छान दिसला, तरी त्यावरून शिकणं मोजता येत नाही. ज्या ठिकाणी भेटी टिकल्या, तिथे दोन गोष्टी दिसतात. मुलांसाठीचा दिवस ठरलेला असतो, आणि ते काम एखाद्या उत्साही माणसाच्या मर्जीवर न राहता संस्थेच्या कामात धरलेलं असतं. 1912 ला पुण्यात नेमकं हेच नव्हतं.

शाळांच्या हातात काय आहे? भेटीच्या आधी आठवडाभर मैदानात एक काठी रोवावी, रोज दुपारी तिची सर्वात आखूड सावली मोजावी आणि वही घेऊन जावं. तिथे गेल्यावर मुलांनी आपली मापं दाखवावीत, नुसतं ऐकू नये. परत आल्यावर प्रत्येकाने एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहावा. वेधशाळेने त्या कार्डांना उत्तर देण्याचं काम कुणाकडे तरी नेमून द्यावं, आणि तो माणूस निवृत्त झाला तर त्याच्या जागी दुसरा नेमावा.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ; मागे बसलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करू.